परागनलिकेला वाट कोण दाखवतं?

मक्याचं कणीस भाजायला घेताना त्याचे केस आपण ओढून फेकून देतो. पण त्यातला एकेक केस म्हणजे एकेका दाण्यापर्यंत जाणारी वाट असते. तुऱ्यातून उडालेला परागकण या केसावर पडला की त्यातून एक अतिशय बारीक नळी फुटते. तीच परागनलिका. दोन नरपेशी पोटात घेऊन ती केसाच्या आतून वाढत जाते आणि वीतभर अंतर साधारण एका दिवसात कापते. तिला ना डोळे, ना नकाशा. मग दिशा कळते कशी?

परागनलिका प्रथम पाहिली ती इटलीच्या जोवान्नी बातिस्ता आमिची यांनी. १८२४ मध्ये त्यांनी तिची नोंद केली. फूल होतं आपण जिची भाजी करतो त्या घोळीचं. ती वळते कशी, याचा उलगडा व्हायला मात्र पुढे पावणेदोनशे वर्षं लागली.

कुक्षीपासून खाली उतरताना आजूबाजूच्या पेशी नलिकेला पोसतात, पुढे नेतात. अवघड असतो तो शेवटचा टप्पा, नेमकं बीजांड गाठण्याचा. जपानच्या तेत्सुया हिगाशियामा यांनी त्यासाठी टोरेनिया हे बागेतलं फूल निवडलं. त्याचा भ्रूणकोश बीजांडाबाहेर डोकावतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली सारं दिसतं. अंडपेशीला लागून दोन सहायक पेशी असतात. लेसरनं त्यातली एक मारली, तरी नलिका येत राहिल्या. दोन्ही मारल्या, तेव्हा एकही वळली नाही. हे झालं २००१ मध्ये. या पेशी जी छोटी प्रथिनं सोडून नलिकेला बोलावतात, ती २००९ मध्ये सापडली. त्यांना नाव मिळालं 'लूर', म्हणजे आमिष.

मला याहून नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कुक्षिवृंतातून न जाता नुसत्या पोषकद्रव्यावर वाढवलेली नलिका या हाकेकडे वळतच नाही. आधीची वाट चालून आलेलीलाच हाक ऐकू येते!

हे केवळ प्रयोगशाळेतलं कुतूहल नाही. मक्याच्या फुलोऱ्यात कडक ऊन पडलं, पाण्याचा ताण बसला, तर केस उशिरा निघतात, वाळतात. नलिका मुक्कामी पोचत नाही आणि कणसात दाण्याची जागा रिकामी राहते. म्हणूनच इतर वेळी पाण्याची पाळी एखादवेळ लांबली तर चालेल, पण फुलोऱ्यात ती चुकवू नये.