आरोग्य विम्याचा कायदा : कॅनडाने चाललेली वाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वांना मोफत उपचार मिळावेत, असे ठराव आपण वारंवार करतो. परंतु अशी व्यवस्था कायद्याने उभी कशी राहते, याचा विचार बहुधा ठरावापाशीच थांबतो. म्हणून आज कॅनडाचे उदाहरण मांडतो. तेथे हा कायदा राजधानीत जन्मला नाही. गहू पिकविणाऱ्या एका निर्धन प्रांतातून तो वर चढत गेला.

सस्कॅचवान हा तो प्रांत. १९३० नंतरच्या मंदीने आणि अवर्षणाने तेथील शेतकरी नागवला गेला होता. मात्र करातून पगार देऊन गावासाठी डॉक्टर नेमण्याची प्रथा तेथील ग्रामीण स्थानिक संस्थांनी त्यापूर्वीच पाडली होती. १९४४ साली को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन हा समाजवादी पक्ष तेथे सत्तेवर आला आणि टॉमी डग्लस प्रांताचे मुख्यमंत्री झाले. त्यांनी सारे एकदम हाती घेतले नाही. १ जानेवारी १९४७ पासून फक्त रुग्णालयीन उपचारांचा विमा सर्वांना लागू केला. डॉक्टरांच्या फीचा प्रश्न मागे ठेवला, कारण तिजोरीत तेवढा पैसाच नव्हता. १९५७ च्या कायद्यानुसार मध्यवर्ती सरकार रुग्णालयीन विम्याचा सुमारे निम्मा खर्च उचलू लागले, तेव्हा प्रांताचा पैसा मोकळा झाला. डिसेंबर १९५९ मध्ये डग्लस यांनी पुढची योजना जाहीर केली, १९६० ची निवडणूक तिच्यावर लढवून जिंकली, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा संमत झाला.

खरी कसोटी त्यानंतर आली. डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले होते. मुख्यमंत्रिपदी वुड्रो लॉइड होते. शासन आपल्या व्यवसायावर ताबा मिळवणार, असे डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे होते. १ जुलै १९६२ रोजी कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तातडीची सेवा मोजक्या रुग्णालयांत उरली. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले, नागरिकांनी सहकारी दवाखाने काढले. तेविसाव्या दिवशी सास्काटून येथे समझोता झाला.

त्या समझोत्याकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. विमा सर्वांसाठी आणि पैसा सार्वजनिक निधीतून, ही दोन तत्त्वे सरकारने सोडली नाहीत. डॉक्टर मात्र पगारी झाले नाहीत. प्रत्येक सेवेमागे फी घेणारे स्वतंत्र व्यावसायिकच राहिले. रोग टाळण्याला नव्हे, तर तपासण्यांच्या संख्येला मोबदला देणारी ही पद्धत आहे, ही टीका रास्त आहे. तरीही त्या तडजोडीवाचून कायदा टिकला असता, असे मला वाटत नाही. राजकीय किंमतही मोजावी लागली. जून १९६२ मध्ये डग्लस स्वतः संसदेची निवडणूक हरले, १९६४ मध्ये पक्षाची प्रांतातील सत्ता गेली. पण नव्या सरकारला कायदा रद्द करता आला नाही, कारण तोवर लोकांनी त्याचा अनुभव घेतला होता.

आता मध्यवर्ती कायदा. १८६७ च्या घटनेने रुग्णालये प्रांतांकडे सोपविली असल्यामुळे मध्यवर्ती सरकारला ही योजना लादता येत नव्हती. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ साली सार्वत्रिक विम्याची शिफारस केली आणि डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने कायदा केला. त्याने कोणावर सक्ती केली नाही. प्रांताची योजना सर्व रहिवाशांसाठी असावी, आवश्यक वैद्यकीय सेवा तीत असाव्यात, प्रांत बदलला तरी हक्क टिकावा आणि कारभार सार्वजनिक संस्थेकडे असावा, या चार अटी पाळल्यास सुमारे निम्मा खर्च देऊ, एवढेच त्याने म्हटले. १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. पुढे काही डॉक्टर रुग्णांकडून वरचा आकार घेऊ लागले, तेव्हा १९८४ च्या कायद्याने ठरविले की, रुग्णांकडून जितका डॉलर वसूल होईल तितकाच प्रांताच्या अनुदानातून कापला जाईल.

जे पहिल्या कायद्यातून वगळले जाते, ते परत मिळविणे किती कठीण असते, हेही येथेच दिसते. औषधांना संरक्षण द्यावे, असे हॉल आयोगाने सांगितले होते. औषधांविषयीचा राष्ट्रीय कायदा २०२४ मध्ये झाला आणि त्याची सुरुवातही गर्भनिरोधके व मधुमेहाची औषधे एवढ्यावरच झाली. मधे साठ वर्षे गेली.

आपल्या राज्यघटनेतही सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत आहेत. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आणली, पण तिचे छत्र ठरावीक आस्थापनांतील, वेतनमर्यादेच्या आतील कामगारांपुरते राहिले. शेतमजूर बाहेरच राहिला. म्हणून दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा एखाद्या राज्यात, एखाद्या जिल्ह्यात सार्वजनिक व्यवस्था चालवून दाखविणे, आणि ती सर्वांसाठी असावी या एका अटीवर माघार न घेणे, हे काम आपल्या हाती आहे. बाकी मुद्द्यांवर वाटाघाट होऊ शकते; या एका मुद्द्यावर नाही.