मुक्तद्वार मैफल आणि नवे संगीत



ग्रंथालय आणि संगीत महोत्सव या दोन गोष्टी वरकरणी परस्परविरोधी वाटतात. एकीत शांतता हा शिष्टाचार, तर दुसरीत नाद हाच प्राण. तथापि दोहोंचा मूळ हेतू एकच आहे. जे धन एकेकट्याच्या ऐपतीपलीकडचे असते, ते समाजाने एकत्र येऊन सर्वांसाठी खुले करावयाचे. म्हणून ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त मुक्तद्वार संगीत महोत्सवाचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

अशा महोत्सवाचे ठळक उदाहरण मिरजेत आहे. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या प्रवासात निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात ते चिरविश्रांती घेत आहेत. तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. श्रोत्याला तिकीट नाही आणि कलावंत बिदागी न घेता सेवा रुजू करतो. मंचावर नामांकित गवई आणि समोर बाजारहाट आटोपून आलेला सामान्य माणूस, असे दृश्य तेथे नवे नाही. याच खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून पंडित भीमसेन जोशी यांनी जो महोत्सव उभा केला, तो तिकिटाचा. एकाच परंपरेच्या या दोन शाखा आहेत आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी फुलल्या.

मग विनामूल्य प्रवेशाचे विशेष महत्त्व ते काय? ते नव्या संगीताच्या संदर्भात ध्यानी येते. परिचित राग आणि नामवंत गायक यांच्यासाठी रसिक आनंदाने पैसे मोजतो. परंतु आज रचलेली बंदिश, आज कल्पिलेला राग, हाती कीर्ती नसलेला तरुण साधक यांच्यासाठी आगाऊ दाम कोण देणार? न चाखलेल्या फळाची किंमत कोणी करीत नाही. ग्रंथालयाच्या कपाटातील अपरिचित लेखकाचे पुस्तक वाचक सहज उघडतो, कारण ते उघडून पाहण्यात त्याचे काहीच जात नाही. नव्या संगीतालाही असेच उघडे कपाट हवे असते.

आज जे परंपरा म्हणून गौरविले जाते, तेही एके काळी नवेच होते. अब्दुल करीम खाँनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला, त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली, आपल्या गायकीत सरगमचा सढळ वापर केला. कुमार गंधर्वांनी लोकधुनांतून राग शोधले आणि स्वतःच्या रचना १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या ग्रंथाद्वारे जगापुढे ठेवल्या. पाश्चात्त्य देशांतही हाच अनुभव आहे. लंडनमध्ये १८९५ साली सुरू झालेल्या ‘प्रॉम्स’ मैफलींत उभ्याने ऐकणाऱ्यास एका शिलिंगात प्रवेश मिळे आणि त्या स्वस्ताईच्या आश्रयानेच नव्या रचनाकारांच्या कृती मोठ्या समुदायापर्यंत पोहोचल्या.

इतके सांगून थांबले, तर मात्र ते अर्धसत्य ठरेल. गोमंतकात विनामूल्य संगीताची परंपरा जुनी आहे. देवळांच्या सभामंडपात, पालखीसमोर आणि उत्सवप्रसंगी जे गाणे होई, ते ऐकण्यास भाविकाला दाम पडत नसे. पण त्याचे मोल कोणी तरी चुकते करीतच होते. ते मोल देवस्थानांशी बांधल्या गेलेल्या कलावंत स्त्रियांनी चुकते केले, आपल्या प्रतिष्ठेने आणि अनेकदा आयुष्याने. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर याच समाजातून पुढे आल्या. खडतर साधनेने त्यांनी कलेचे सिंहासन मिळविले. पुढे १९६९ मध्ये केसरबाईंना आणि १९७४ मध्ये मोगूबाईंना पद्मभूषण लाभले. हा मान मिळण्यापूर्वी किती अवमान गिळावे लागले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

या दृष्टीने पाहता तिकीट हीसुद्धा एक मुक्तीच होती. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या आरंभीच्या गायिकांत अब्दुल करीम खाँच्या कन्या हिराबाई बडोदेकर अग्रणी होत्या. धनिकाच्या दिवाणखान्यात मर्जी सांभाळून गाण्याऐवजी नाट्यगृहात, सर्वांसमोर, स्वकष्टाचे मोल घेऊन गाणे यात स्त्रीकलावंताचा सन्मान होता. म्हणून मुक्तद्वार महोत्सवाचा पुरस्कार करताना एक मर्यादा कटाक्षाने पाळावयास हवी. श्रोत्याला दार मोफत असावे. कलावंताचा श्रम मोफत नसावा. मिरजेत बिदागी नाकारली जाते ती स्वेच्छेने, थोर कलावंताच्या स्मरणार्थ. स्वेच्छेची सेवा आणि लादलेली सेवा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

पेडणे महालातील हळर्णसारख्या गावाला हा विचार परका नाही. शापोरा नदीकाठच्या या गावाचे नाव एकदा फार दूर गेले होते. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये येथील किल्ला जिंकला आणि विजयी व्हाइसरॉयाला ‘आलोर्नाचा मार्केस’ हा किताब मिळाला. त्याची नात लिओनोर (१७५०-१८३९) ही ‘मार्केझा द आलोर्ना’ या नावाने पोर्तुगीज साहित्यात कवयित्री म्हणून प्रसिद्ध आहे. हळर्णचे नाव असे परक्या काव्यग्रंथांवर चढले, पण तलवारीच्या वाटेने.

पेडण्याचे गाणे मात्र स्वतःच्या पायांनी चालत गेले. याच महालातील मालपे गावी १८८३ मध्ये जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर यांनी भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे विद्या घेतली, मुंबईत कीर्ती मिळविली आणि ऐन भरात जाहीर गायन थांबवून विद्यादान आरंभिले. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर या दोन नवनिर्मात्या कलावंतांनी त्यांच्यापाशी मार्गदर्शन घेतले. विसाव्या शतकातील नव्या संगीताच्या प्रवाहात पेडण्याच्या पाण्याचाही अंश आहे, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे होणार नाही.

श्रोतेही येथे तयार आहेत. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पाहण्यास पेडण्याचा माणूस पहाटेपर्यंत बसतो. पेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीत रागदारी वळणाची पदे ऐकतो आणि गायक नट कोठे चुकला हेही नेमके सांगतो. प्रेक्षकाला तिकीट नसते आणि नाटक मंडळीचे मानधन देवस्थान किंवा गाव देते. मुक्तद्वार महोत्सवाचे अर्थशास्त्र गावाला असे पूर्वीपासून अवगत आहे. त्याच मांडवात एक रात्र आजच्या शास्त्रीय संगीतासाठी राखणे, एवढेच पुढचे पाऊल आहे.

या कामी ग्रंथालयाचा वाटा मोठा ठरू शकतो. कलावंतांचे मानधन आधी जमवावे, मांडव आणि रोषणाई नंतर पाहावी, असा आग्रह सभासद आणि आश्रयदाते यांनी धरावा. गाइल्या जाणाऱ्या नव्या बंदिशींचे शब्द आणि स्वरलेखन वाचनकक्षात काही दिवस अगोदर लावावे, म्हणजे श्रोता अनोळखी सुरापुढे बुजणार नाही. मैफलीचे ध्वनिमुद्रण कलावंताच्या संमतीने जतन करावे, म्हणजे ऐकलेले विरून जाणार नाही.

आपल्या वाडवडिलांनी वर्गणी देऊन ग्रंथ जमविले, ते पुढे कोण वाचणार याची चौकशी न करता. नव्या गाण्यासाठी उघडलेले दारही त्याच विश्वासावर उघडावे लागेल. त्या दारातून आज शंभर जण येतील वा दहा. त्यांतील एखाद्या मुलाच्या कानी पडलेला अपरिचित स्वर पुढच्या पिढीची परंपरा होऊ शकेल, आणि त्याच्यासाठी मांडव घालण्याचा भार आजच्या पिढीने आनंदाने उचलावा, हेच उचित होय.