ओंडक्यावरील चिमुकल्या वाट्या

यवतमाळ जिल्ह्यांतील नेर हें गांव कापसाच्या मुलखांतलें. उन्हाळ्यांत येथील माळ तव्यासारखा तापतो. कुंपणांतली काटकी हातीं घेतली तर कडकन मोडते. अशा ठिकाणीं ओलाव्यावर जगणारी बुरशी कोठून असणार, असें कोणासहि वाटेल. पण आषाढांतल्या चार झडी होऊन गेल्या, म्हणजे परसांत वर्षभर पडून राहिलेला एखादा ओंडका उलटा करावा आणि साल सुटलेल्या बाजूकडे दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगांतून पाहावें. राईच्या दाण्याएवढ्या, कधीं त्याहूनहि लहान अशा वाट्या तेथें दाटीनें बसलेल्या दिसण्याचा संभव असतो. कोणी पांढरी, कोणी पिवळी, कोणी मेणासारखी अर्धपारदर्शक. नुसत्या डोळ्यांना तो रंगाचा शिंतोडा वाटतो, आणि ओंडका इतर सरपणाबरोबर चुलींत जातो.

कुत्र्याची छत्री कोणाला ठाऊक नाहीं? तिचे बीजाणु छत्रीखालच्या पातळ पडद्यांवर उघडेच लागलेले असतात. वाटीच्या कुळाची तऱ्हा निराळी आहे. वाटीच्या आंतल्या अंगास अतिसूक्ष्म लांबट थैल्या शेजारीं शेजारीं उभ्या असतात, आणि एकेका थैलींत बहुधा आठ बीजाणु असतात. पाण्यानें थैली फुगून ताणली गेली, कीं तिचें टोंक उघडतें आणि बीजाणु हवेंत उडविले जातात. मोठ्या जातीच्या पक्व वाटीवर हलकेच फुंकर घातली तर हा मारा कधीं कधीं धुराच्या लोटासारखा डोळ्यांनीं दिसतो. वाटी हें केवळ फळ होय. बुरशीचा खरा देह तंतुरूपानें लांकडाच्या आंत पसरलेला असतो.

आतां या वाट्यांना नांवें कशीं द्यावयाचीं? स्वीडनचे एलियास फ्रीस यांनीं १८२२ सालीं आपल्या ग्रंथांत यांपैकीं बहुतेकींना पेझीझा या एकाच प्रजातींत बसविलें. त्यांच्यापाशीं आकार, रंग, केंस आणि देंठ यांचाच आधार होता. आणि रंगासारखा लबाड साक्षीदार दुसरा नाहीं. एकमेकींशीं कांहीं नातें नसलेल्या दोन वाट्या एकाच पिवळ्या रंगाच्या असूं शकतात, आणि एकच वाटी सकाळीं ओली असतांना एका रंगाची तर दुपारीं सुकल्यावर दुसऱ्याच रंगाची होते. चित्र पाहून नांव ठेवणें ही बारशाची रीत झाली, शास्त्राची नव्हे.

खरा भेद फ्रान्सच्या एमिल बूदिए यांनीं दाखविला. थैलीचें टोंक उघडतें कसें, हें त्यांनीं पाहिलें. कांहीं थैल्यांना डबीसारखें झांकण असतें. कांहींना झांकण नसून टोंकाशीं नुसतें छिद्र पडतें. या भेदावर त्यांनीं १८८५ सालीं वाट्यांचे दोन मोठे विभाग केले. सह्याद्रीच्या पावसाळी रानांत मेलेल्या फांद्यांवर उगवणारी, पेल्यासारखी सुरेख कुकीना ही झांकणवाल्यांपैकीं. राईएवढ्या वाट्या मात्र बहुतांशीं बिनझांकणाच्या. पुढें आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनें असें दिसून आलें कीं, झांकणवाले सर्व एका घराण्याचे आहेत, पण बिनझांकणाच्यांत अनेक निरनिराळीं घराणीं एकत्र कोंबलीं गेलीं होतीं.

म्हणून ओळख पटविण्यास सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून गत्यंतर नाहीं. दाढीच्या पात्यानें वाटीचा शक्य तितका पातळ काप घ्यावा आणि तो कांचेवर साध्या पाण्याच्या थेंबांत ठेवावा. साध्या पाण्यांतच, हें महत्त्वाचें. पुष्कळ अभ्यासक घाईनें क्षार किंवा आयोडिन घालतात आणि पेशी मारून टाकतात. मेलेल्या पेशींतील रसाचे बुडबुडे व तेलाचे थेंब यांची मूळ मांडणी नाहींशी होते किंवा बिघडते, आणि जातीची खूण पुष्कळदां त्यांतच असते. जर्मनीचे हान्स-ओटो बाराल यांनीं १९९२ सालीं या जिवंत तपासणीचा आग्रह शास्त्रज्ञांपुढें मांडला. आयोडिन घालावयाचें तें त्यानंतर. त्यानें कांहीं थैल्यांचें टोंक निळें होतें. तेथेंहि एक फसवणूक आहे. साध्या आयोडिनच्या द्रावणांत ज्या थैल्या तांबूस होतात, त्यांतील कित्येक मेल्झरच्या प्रसिद्ध द्रावणांत कोऱ्याच राहतात. तेवढ्यावरून टोंकास रंग येतच नाहीं असें टिपलें, कीं तपास चुकीच्या वाटेला लागलाच.

जिवंत तपासणीचें महत्त्व ऑर्बिलिया या घराण्यांत सर्वांत अधिक. तिच्या बीजाणूंत एक बारीकशी वस्तु असते. आकारावरून तिची जात सांगतां येते, परंतु बीजाणु मेला कीं ती दिसेनाशी होते. शंभर वर्षांपूर्वीं सुकवून ठेवलेल्या नमुन्यांत ती शोधणें म्हणूनच व्यर्थ. या घराण्यांतल्या कांहीं जातींचे तंतु लांकडांत व मातींत चिकट जाळीं किंवा आवळणारे फांस तयार करून सूक्ष्म कृमि पकडतात व खातात. बाराल व त्यांचे सहकारी यांचा या घराण्यावरील प्रचंड ग्रंथ २०२० सालीं निघाला. नेरसारख्या गांवाच्या दृष्टीनें यांतली विशेष गोष्ट ही कीं, झाडावरच वाळून राहिलेल्या काटक्यांवर राहणाऱ्या अनेक जाती कडकडीत सुकूनहि मरत नाहींत. महिन्यांनंतर पाणी लागलें, कीं त्यांच्या पेशी पुन्हां टवटवीत होतात. तेव्हां कोरड्या मुलखांत शोधण्यासारखें कांहीं नाहीं, ही समजूत टिकत नाहीं. सुकी काटकी घरीं आणून ओल्या टीपकागदावर ठेवली, तरी पुष्कळदां काम भागतें.

तपासून झालेला नमुना फेंकून देऊं नये. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचें, म्हणजेच १९९२ पासूनच्या आघारकर संशोधन संस्थेचें, आजरेकर यांच्या नांवाचें कवकसंग्रहालय आहे; सुकविलेले नमुने अशाच ठिकाणीं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण नमुन्याबरोबर कागद हवा. गांव, तारीख, लांकूड सागाचें कीं बाभळीचें, सालीवर कीं गाभ्यावर, फांदी जमिनीवर कीं झाडावर, ओली असतांनाचा रंग, आणि जिवंतपणीं पाहिलेल्या थैलीचें व बीजाणूंचें मोजमापासह चित्र. हें सर्व त्याच दिवशीं, वाटी सुकण्यापूर्वीं लिहून काढावें.