घर तिचंही आहे

रात्री अकरा वाजता एखादीला उंबऱ्याबाहेर काढतात, मागून कपड्यांची पिशवी फेकतात आणि विचारतात, "घर तुझ्या नावावर आहे का?" या एका प्रश्नानं कितीतरी बायका गप्प होतात. त्यांनी गप्प होऊ नये. २६ ऑक्टोबर २००६पासून लागू असलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सांगतो, की नावावर नसलं तरी राहत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी हा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं.

आणि हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. मूल नाही म्हणून टोचून बोलणं, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन दडवणं, हेही त्यात येतं. आई आणि बहीणही दाद मागू शकतात.

तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करा. तिथून अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी, असं कायदा म्हणतो. तारखा मात्र लांबतात, म्हणून अंतरिम आदेशाची मागणी अर्जाबरोबरच करा. संरक्षण आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. आत्ता, या क्षणी मदत हवी असेल, तर १८१ लावा.