उत्तर बरोबर आहे, पण आलं कसं?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आयआयटीत संशोधन केलंस ना, त्यावर दहा मिनिटं बोल." आधी एक गैरसमज दूर करतो. मी आयआयटीत शिकलेलो नाही. इंजिनिअरिंग मी पुण्यातल्या एका साध्या कॉलेजातून केलं, लोणी ते हडपसर आणि तिथून पुढे दुसरी बस पकडून. आयआयटी मुंबईत मी फक्त दोन महिने होतो, 2016 च्या उन्हाळ्यात, तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर. पण त्या दोन महिन्यांत जे घडलं, त्याचा संबंध समोर बसलेल्या दोन शिक्षकांशी आहे. एक आपल्या मराठीच्या बाई आणि दुसरे गणिताचे सर. म्हणून बोलायला उभा राहिलो. त्यात एक कबुलीही आहे.

मी गेलो कसा, ते आधी सांगतो. देशात विज्ञानाच्या तीन अकादमी आहेत, एक बंगळुरूला, एक दिल्लीला आणि एक प्रयागराजला. या तिघी मिळून कॉलेजच्या मुलांना आणि शिक्षकांना उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झाली की दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करायचं. विद्यावेतन मिळतं, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं मिळतं. अर्जाला मार्क लागतात, एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं आणि आपल्याला काय शोधायचंय ते आपल्या शब्दांत लिहावं लागतं. मला हे एका सीनिअरने सांगितलं म्हणून कळलं. त्या दिवशी मी कँटीनला गेलो नसतो, तर आज इथे दुसरंच कुणी बोलत असतं.

सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने निघालो, लोकल बदलून कांजूरमार्गला उतरलो आणि रिक्षाने पवईला. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांची ओळख झाली. मुलं दिल्ली, कोलकाता, चेन्नईची. सगळे फाडफाड इंग्रजी बोलत होते. मी माझं नाव सांगितलं आणि गप्प बसलो. तेवढ्यात आमच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "इथे मराठी माध्यमात कोण शिकलंय?" मी हात वर केला, पण खांद्याच्या वर नाही. मॅडम म्हणाल्या, "छान. मग हे काम तुझं."

काम काय होतं? संगणकाला मराठी शब्दाचं मूळ रूप ओळखायला शिकवायचं. ऐकायला सोपं वाटतं. इंग्रजीत 'वॉकिंग', 'वॉक्ड' यांची शेपटी तोडली की 'वॉक' उरतं. मार्टिन पोर्टर नावाच्या संशोधकाने 1980 मध्येच त्याची नियमावली प्रसिद्ध केली होती. हिंदीत 'घर के बाहर' हे सुटे सुटे शब्द असतात. आपण मात्र एका दमात 'घराबाहेरच्यांनासुद्धा' म्हणून मोकळे होतो. संगणकाला घर, घराला, घरातून, घराबाहेरच्यांना हे सगळे वेगवेगळे, अनोळखी शब्द वाटतात. कुणी 'घर' शोधलं तर 'घरातून' असलेला मजकूर त्याला सापडतच नाही.

प्रत्यय तोडणं जमलं, पण त्याने भागत नाही. 'घोड्याला' मधला 'ला' काढला की 'घोड्या' उरतो. त्याचा 'घोडा' करायचा. मग 'पाण्याला' चं काय? तिथे 'पाणा' नाही, 'पाणी'. 'तळ्याला' चं 'तळे'. शेवट एकच, मूळ रूपं तीन! मला एकदम सातवीचा वर्ग आठवला. बाई फळ्यावर दोन रकाने करायच्या, सरळरूप आणि सामान्यरूप, आणि आम्ही मागच्या बाकावर फुल्ली-गोळा खेळायचो. ज्या तासाला मी सगळ्यात कमी लक्ष दिलं, त्याच तासाचं ज्ञान मला आयआयटीत लागत होतं.

मॅडमनी दोन गोष्टी हातात दिल्या. एक मराठी वर्डनेट, म्हणजे समान अर्थाच्या शब्दांचे गट करून एकमेकांशी जोडलेला संगणकीय कोश. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात इंग्रजीसाठी सुरू झालेल्या कामाच्या धर्तीवर तो आयआयटी मुंबईतच तयार झाला आहे. आणि दुसरी गोष्ट, मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण', 1911 सालचं! संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी शंभर वर्षांपूर्वीचं व्याकरण पेन्सिलने खुणा करत वाचत होतो. शेजारचा चेन्नईचा मुलगा विचारायचा, "हे कुठल्या प्रोग्रामिंग भाषेचं मॅन्युअल आहे?"

आता कबुली.

वर्तमानपत्रांतून मी 500 शब्द काढले, प्रत्येकाचं मूळ रूप हाताने लिहिलं आणि नियम करत गेलो. जिथे चुकेल तिथे नवा नियम घालायचा. पाचव्या आठवड्यात 100 पैकी 94 शब्द बरोबर यायला लागले. मी खूश. बैठकीत आकडा सांगितला. मॅडमनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "हे 500 शब्द नियम लिहिताना तू पाहिले होतेस का?"

मी म्हणालो, "नाही."

खोटं होतं ते. त्याच शब्दांवरून नियम केले होते आणि त्याच शब्दांवर परीक्षा घेतली होती. म्हणजे पेपर आधी फुटलेला, आणि फोडणारा मीच. मॅडम फक्त "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

त्याच सुमारास तुकोबांची पालखी लोणीला मुक्कामाला येणार होती. दोन दिवसांची सुट्टी घेऊन घरी आलो. तुम्हाला ते वातावरण सांगायला नको. आईने पिठलं-भाकरीचा घाट घातला होता, ओसरीवर पंचवीसेक वारकरी उतरले होते. मी पाणी भरत होतो, पंगत वाढत होतो, पण डोक्यात तो "नाही" घोळत होता. रात्री झोप येईना. तेव्हा सर, मला तुम्ही आठवलात.

नववीत मी गणिताच्या गृहपाठात पुस्तकाच्या शेवटची उत्तरं बघून लिहायचो आणि मधल्या पायऱ्या काहीतरी जुळवून द्यायचो. तुम्ही ओरडला नाहीत. वहीत लाल शाईने लिहिलंत, "उत्तर बरोबर आहे, पण आलं कसं?" मी ती वही घरी दाखवली नाही. सात वर्षांनी ओसरीवरच्या अंधारात तेच वाक्य पुन्हा समोर आलं.

परत गेल्यावर आधी पूर्ण नवे 300 शब्द घेतले, कधीही न पाहिलेले. त्यांतले 213 बरोबर आले. 94 टक्क्यांचे 71 झाले. तो कागद घेऊन मॅडमच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, उद्या सामान बांधावं लागेल. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "पहिला आकडा मला तेव्हाच पटला नव्हता. तू स्वतः सांगशील का, याची वाट बघत होते. आता हे चुकलेले 87 शब्द घे आणि प्रत्येक का चुकला ते लिही. तुझं खरं संशोधन आज सुरू झालं."

उरलेले दिवस मी त्या 87 चुकांबरोबर काढले. त्यातली एक तुम्हाला सांगतो. बाई, ही खास तुमच्यासाठी. "माळावरच्या माळ्याने माळ्यावरची माळ काढली." पहिला माळ म्हणजे रान. दुसरा बाग राखणारा माळी. तिसरा घरातला पोटमाळा. चौथी गळ्यातली माळ. 'माळ्याने' मध्ये माळी आहे आणि 'माळ्यावर' मध्ये माळा, दोन्हींचं सामान्यरूप मात्र 'माळ्या' च. नुसत्या शब्दाकडे बघून माणसालाही ते सांगता येणार नाही, आजूबाजूचं वाक्य बघावं लागतं. माझ्या प्रोग्रामला वाक्य दिसतच नव्हतं, तो एकेक शब्द सुटा करून बघत होता. त्याच्या मर्यादेचं कारण सापडलं ते त्या चुकांमधून. 94 चा आकडा धरून बसलो असतो, तर ते मला कधीच कळलं नसतं.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपलं काम मांडलं. मी हेच वाक्य फळ्यावर देवनागरीत लिहिलं आणि प्रत्येक माळ समजावून सांगितला. इंग्रजी मोडकंच होतं, पण त्या दिवशी कुणी माझ्या इंग्रजीकडे बघत नव्हतं. दिल्ली, कोलकात्याची मुलं आपापल्या भाषेतली अशी उदाहरणं शोधायला लागली.

माझा तो प्रोग्राम आज कुठे वापरला जात नाही, त्याची गरजही उरलेली नाही. आता फोनशी मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. मी सध्या ज्या कंपनीत आहे तिथे माझं काम इतरांचे प्रोग्राम तपासण्याचं आहे. कुणी मोठा आकडा घेऊन आलं की मी विचारतो, "आला कसा?" सर, तुमची लाल शाई मी अजून वापरतोय.

आता एक विनंती. आपल्यापैकी कुणाची धाकटी भावंडं, भाचरं कॉलेजात असतील, तर त्यांना या शिष्यवृत्तीबद्दल सांगा. अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते, म्हणजे दिवाळी झाली की लगेच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही, टीआयएफआरमध्ये, उन्हाळ्यात असाच कार्यक्रम असतो आणि त्यात संगणकशास्त्र हा विषय आहे. आपल्या गावातल्या मुलांना अक्कल कमी नाही, बातमी उशिरा कळते, एवढंच. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर रविवारी सकाळी मी शाळेत येऊन बसेन. मुख्याध्यापकांनी एक वर्ग उघडून द्यायचं कबूल केलंय, दुसऱ्या मजल्यावरचा, आपला दहावीचाच.

आणि बाई, तुमच्या सातवीच्या त्या तासांना लक्ष दिलं नाही, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर माफी मागतो. फुल्ली-गोळ्यात समोर कोण असायचा, ते मात्र सांगत नाही. तो आज मेळाव्याचा खजिनदार आहे.