आधी रक्त थांबवा, मग गाडी शोधा



पऱ्हाटी तोडताना कुऱ्हाड पायावर बसते, कडबा कुट्टीत हात जातो. दवाखाना तालुक्याला. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त सुमारे ५ लिटर. धमनी तुटली तर गाडी येईपर्यंत जीव राहत नाही. तेव्हा जवळ आपणच असतो.

दंडाच्या आत किंवा जांघेत धमनी दाबा, असे जुनी पुस्तके सांगत. नेमकी जागा सापडत नाही, बोट सरकते. २०१० च्या अमेरिकी प्रथमोपचार नियमांनी ती रीत सोडली. दाबायचे ते जखमेवरच. धुतलेले फडके नाहीतर उपरणे घ्या आणि तळव्याने अंगाचा भार टाकून दाबून धरा. उचलून पाहू नका. भिजले तर वरून दुसरे ठेवा. हळद, चहापूड, तंबाखू भरू नका.

तरीही हातापायाचे रक्त उसळतच असेल, तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा. काडी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. तार, सुतळी नको. बांधल्याची वेळ लिहा. वाटेत सोडू नका. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा.

सभेतून उठण्याआधी शेजाऱ्याच्या हातावर उपरणे दाबून पाहू या.