दोनदा कामाला लागलेला माणूस

व्यासपीठावरील गुरुजन आणि १९७९ च्या दहावीच्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

व्यवसाय बदलण्यावर बोल, असं संयोजकांनी मला सांगितलं. आपल्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "दोनदा पहिल्यापासून कामाला लागलेला तूच एकटा."

दहावीनंतर मी छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. मराठीत जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या धरून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी. कुठला खण कुठे, हे डोक्यापेक्षा हाताला पाठ असावं लागतं. पहिले सहा महिने मला जुळवायला दिलंच नाही. छापून झालेल्या मजकुराचे खिळे सोडवून आपापल्या खणात टाकायचे, एवढंच काम. एक खिळा चुकीच्या खणात पडला की पुढच्याच्या हातून चूक ठरलेली. अक्षरं उलटी, त्यात वकिलांची आणि लेखकांची हस्तलिखितं. देवा!

१९९४ साली छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि खिळे शिशाच्या भावाने वजनावर गेले. मालक भला माणूस, पण एका कॉम्प्युटरला एक माणूस पुरे होता आणि आम्ही पाच होतो. वय एकतीस, पदरात दोन मुलं. चार महिने घरी बसलो. घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं. त्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही.

मिरजेत दवाखाने पुष्कळ, म्हणून औषधांची दुकानंही पुष्कळ. एका दुकानात मागच्या बाजूला औषधं लावायचं काम मिळालं. कपाटांपुढे उभा राहिलो आणि वाटलं, अरे, या तर केसीच! आठवड्यात हात बसला. पुढे काउंटरवरचे फार्मासिस्ट चिठ्ठी घेऊन आत यायला लागले, "अहो, हे काय लिहिलंय बघा." वकिलांचं अक्षर लावलेल्या माणसाला डॉक्टरांचं काय!

एकदा गर्दीत एका मुलाने क्लोरप्रोमझिन काढून दिलं. चिठ्ठी सहज माझ्या नजरेखालून गेली. खिळे जुळवणारा शब्द वाचत नाही, अक्षर वाचतो. 'क्लोरप्रो'पर्यंत सगळं सारखं, पण पुढचं अक्षर मला 'म' वाटेना. फार्मासिस्टांनी डॉक्टरांना फोन केला. हवं होतं क्लोरप्रोपामाइड. ते मधुमेहाचं, काढलेलं होतं ते मनोविकाराचं. आजोबा बाकावर बसून वाट बघत होते. त्यांना काहीच कळलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

जुन्या कामातलं सगळंच उपयोगी पडलं, असं मात्र नाही. छापखान्यात आम्ही जगाकडे पाठ करून उभे असायचो. इथे तापलेलं पोर कडेवर घेतलेली बाई विचारते, "दादा, यातलं निम्मंच दिलं तर चालेल का?" खिळ्यांना कधी पैसे कमी पडत नव्हते. तिच्याशी काय आणि कसं बोलायचं, हे शिकायला मला चार-पाच वर्षं लागली. आजही नीट जमतं असं नाही.

आता बऱ्याच चिठ्ठ्या छापीलच येतात. म्हणजे माझी ती विद्याही निघाली भंगारात! तरी मालक अजून सोडत नाहीत.

बाई, आपण समोर बसला आहात म्हणून सांगतो. चुकलेला शब्द आपण दहादा लिहून घ्यायचात. त्यातले निम्मे तरी माझेच असायचे. आजच्या निमंत्रणपत्रिकेत 'विद्यार्थी'मधला 'र्थी' ऱ्हस्व पडला आहे. संयोजकांना मी अजून सांगितलेलं नाही.